पट्टीतलं पाचवं

१

पाव करणाऱ्या बाईचे हात कधी रिकामे नसतात आणि कधी स्वच्छही नसतात. काकूंचा तर अर्धा जन्म कोपरापर्यंत पिठात गेला होता. सगळी गल्ली त्यांना पाववाल्या काकू म्हणायची. घराच्या मागच्या खोलीत त्यांची भट्टी, लांबलचक टेबल, पिठाची पोती आणि दोन-तीन मोठी पातेली होती. कणीक मळताना दिवा लावायचा झाला तर हात धुवायचे, पुसायचे, बटण दाबायचं आणि परत त्याच चिकट्यात हात घालायचे. बटणांवर पिठाचे एवढे थर चढले होते, की नव्या माणसाला बटण कुठलं आणि भिंत कुठली ते समजायचं नाही. एकदा ओल्या हाताने झटका बसला, तेव्हा जावयाने मनावर घेतलं आणि ती पट्टी आणून बसवली.

पट्टी म्हणजे चार प्लग मावतील अशी हातभर लांबीची पांढरी वस्तू. जावयाने चार जागांना चार नावं दिली: दिवा, पंखा, मिक्सर आणि पेटी. मिक्सर म्हणजे कणीक मळायचं यंत्र आणि पेटी म्हणजे उबेची पेटी, मळलेली कणीक फुगायला ठेवायची. भट्टीची वायर वेगळी होती, ती या भानगडीत नव्हती. आता हात पिठात असले तरी नुसतं "दिवा चालू" म्हणायचं, की पट्टीतली बाई गोड आवाजात "दिवा चालू केला" म्हणून कळवायची. हे सगळं लावून देऊन जावई परत आपल्या बोटीवर कामाला निघून गेला, आणि लेक आठवा महिना लागला म्हणून आईकडे येऊन राहिली.

काका जन्मभर बस चालवून घरी बसलेले. घरी बसलेले म्हणजे आता पलंगावर पडलेलेच, कारण त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले होते. मागच्या खोलीला लागूनच त्यांची खोली होती. पट्टीचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते म्हणाले, मुलगा नसला म्हणून काय झालं, घरात सूनबाई आली. सांगितलेलं ऐकते आणि सासूच्या कणकेला नावं ठेवत नाही, आणखी काय पाहिजे. तेव्हापासून पट्टीचं नाव सूनबाईच पडलं.

सकाळी जे लागेल ते एकेक नाव घेऊन सुरू करायचं आणि संध्याकाळी काम आवरलं की "सगळं बंद" म्हणायचं, असा काकूंचा परिपाठ झाला. सूनबाई म्हणायची, "चार वस्तू बंद केल्या." पेटीची ऊब एकदा धरली की पहाटेपर्यंत पुरायची, त्यामुळे तीही बंद केलेली चालायची.

एका संध्याकाळी डॉक्टर काकांना तपासून गेले. दाराशी काकूंना बाजूला घेऊन म्हणाले, आता आठवड्यांची भाषा सोडा, दिवसांची धरा. काकू मागच्या खोलीत आल्या, टेबल पुसलं, पातेलं पेटीत सरकवलं आणि रोजच्यासारखं "सगळं बंद" म्हणाल्या.

"पाच वस्तू बंद केल्या," सूनबाई म्हणाली.

काकूंचं लक्षच नव्हतं. त्यांनी दार ओढून घेतलं आणि काकांपाशी जाऊन बसल्या.

२

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर कणीक फुगलेली नव्हती.

कणीक कमी फुगते, जास्त फुगते, आंबट होते, हे सगळं काकूंनी पाहिलेलं होतं. पण ही कमीही फुगलेली नव्हती आणि बिघडलेलीही नव्हती. काल ठेवताना त्यांच्या बोटांच्या रेघा वर उमटल्या होत्या, त्या तशाच्या तशा होत्या. पाव करणारी माणसं कणकेत बोट रोवून बघतात. खड्डा हळूहळू भरून आला तर कणीक जिवंत आहे असं समजायचं. काकूंनी बोट रोवलं. खड्डा पडला तो पडलाच.

खमीर मेलं असेल, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. पण खमीर त्यांचं स्वतःचं होतं, आईकडून आलेलं, रोज खाऊ घालून जगवलेलं. बरणी हुंगून बघितली. वास कालचाच होता, ताजा. मग पाण्याला दोष दिला, पिठाला दिला, पेटीला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. नव्याने कणीक मळली, ती दुपारपर्यंत तशीच गोळा होऊन बसली. शेवटी त्या दिवशी त्यांनी न फुगणारी बिस्किटं भाजली आणि गिऱ्हाइकांना पाव नाही म्हणून सांगितलं.

बिस्किटांचं पीठ कापताना पात्याने अंगठा कापला. लाल थेंब आला आणि थांबला. खाली ओघळेना आणि वाळेना. काकूंनी तो पुसला, तर तेवढाच थेंब परत येऊन बसला. चिंधी गुंडाळून त्या कामाला लागल्या, पण मनात काहीतरी रुतून बसलं ते बसलं.

मात्र घरात एक गोष्ट चांगली झाली होती. काकांचा खोकला थांबला होता. महिनोन्‌महिने त्या खोकल्याने भिंती हलायच्या, लेक कानांवर उशी घ्यायची. आज ते छताकडे बघत शांत पडले होते. काकूंनी विचारलं, बरं वाटतंय का. त्यांनी जरा विचार करून सांगितलं, बरंही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही, सिग्नलला थांबल्यासारखं वाटतंय.

काकूंना तेवढंही पुष्कळ होतं. पाव गेला खड्ड्यात, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

३

पुढचे काही दिवस कणीक तशीच राहिली आणि काकाही तसेच राहिले. डॉक्टर येऊन गेले. मागच्या खेपेला जेवढं बिघडलं होतं तेवढंच आजही होतं, त्याहून तसूभर पुढे नाही. त्यांनी तपासण्या पुन्हा केल्या, डोकं खाजवलं आणि कधी कधी आजार असा दम खातो असं म्हणून गेले.

काकू बिस्किटं द्यायला बाहेर पडल्या. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानाच्या पायरीवर माशा मारत बसला होता. काकूंना बघून म्हणाला, गल्लीतल्या पुरुषांनी संन्यास घेतलाय की काय कोण जाणे, दाढीला म्हणून कुत्रं फिरकत नाही. पुढे फुलवाली होती. तिच्या बादलीतल्या कळ्या तीन वेळा पाणी बदलूनही उमलत नव्हत्या, आणि गंमत अशी की सुकतही नव्हत्या. काल उरलेल्या आज विकायच्या, आज उरलेल्या उद्या, एवढा फायदा मात्र होता, असं ती हसत म्हणाली.

काकूंना हसता आलं नाही. त्या तिथेच उभ्या राहून समोरच्या झाडाकडे बघत राहिल्या. या दिवसांत त्या झाडाला कोवळी पालवी फुटते. पालवीचे कोंब फांद्यांवर आलेले होते, अर्धे मिटलेले, आणि त्यांना तसंच राहायची कोणीतरी आज्ञा दिल्यासारखे दिसत होते. वारा आला की फांद्या हलत होत्या. माणसं चालत होती, गाड्या पळत होत्या, कुत्री भुंकत होती. बाहेरून हलणारं सगळं हलत होतं. आतून वाढणारं काहीच वाढत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी आपली नखं बघितली, तीही वाढलेली नव्हती. मग त्या संध्याकाळचे सूनबाईचे 'पाच वस्तू' हे शब्द त्यांना आठवले, आणि इतके दिवस ते कानात असूनही आपल्याला ऐकू कसे आले नाहीत याचं त्यांना नवल वाटलं. पट्टीपाशी वाकून त्यांनी प्लग मोजले. दिवा, पंखा, मिक्सर, पेटी. पट्टी उलटी करून बघितली, मागे भिंत होती आणि कोळिष्टकं होती.

त्यांनी जावयाला फोन लावला. बोटीवरून आवाज तुटक येत होता. पट्टीची सगळी माहिती त्याच्या फोनवर दिसायची. त्याने बघितलं आणि म्हणाला, हो की, पाचवं दाखवतंय, नाव काही नाही, नुसतं पाचवं. मग तो स्वतःशीच पुटपुटला, हे काय भलतंच.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही आई, सॉफ्टवेअरची गडबड दिसतेय. बाकीच्या चार वस्तू पट्टीला जोडलेल्या दाखवतात. हे उलटं दाखवतंय. पट्टीच त्याला जोडलेली आहे असं दाखवतंय." तो हसला, पण हसणं आखूड होतं. "पट्टीच नाही, बाकीचं पण. खाली सरकवत नेलं तर यादी संपतच नाहीये. जाऊ दे, प्लग काढून परत लावा, ठीक होईल."

काकू प्लगपर्यंत गेल्या. हात पुढे केला आणि मागे घेतला. एवढीशी वायर, भिंतीतला जुना सॉकेट, पण प्लग उपटायची त्यांची छाती झाली नाही. मोठ्या देवळात गेल्यावर आवाज आपोआप बारीक होतो, तसा त्यांचा श्वास बारीक झाला होता.

४

तरी काकू हिशेबी बाई. डोळ्यांनी दिसल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा खाक्या. दुपारी लेक झोपली होती. काकूंनी कणकेचा गोळा टेबलावर ठेवला, त्यात बोट रोवलं, खड्ड्याकडे डोळे लावले आणि म्हणाल्या, "पाचवं चालू."

"पाचवं चालू केलं."

खड्डा भरून यायला लागला. खालून कोणी हळूच ढकलावं तसा तो वर आला, सपाट झाला, आणि गोळा फुगू लागला. अंगठ्यावरच्या चिंधीला ओल आली, थेंब ओघळला.  इतकी वर्षं त्यांनी कणीक फुगताना पाहिली होती, पण ते आपलं काम आहे असं समजून पाहिली होती. आपण पीठ नि पाणी कालवतो, उचलतंय दुसरंच कोणीतरी, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

आणि शेजारच्या खोलीत काकांचा खोकला सुरू झाला.

इतके दिवस अडलेला सगळाच एकदम आला असावा. काकू धावल्या. काका पलंगाच्या कडेला वाकले होते, रुमाल लाल झाला होता, ओठ निळे पडले होते. त्यांनी काकूंकडे बघितलं, पण त्यांना काकू दिसत होत्या असं वाटेना. हे आता जातात, आत्ता, या क्षणाला, असं काकूंना स्पष्ट कळलं.

त्या दारातूनच ओरडल्या, "पाचवं बंद!"

सूनबाईने या वेळी उत्तर द्यायला वेळ लावला. तिलाही आत कोणाला तरी विचारावं लागत होतं, असा तो वेळ होता. मग ती म्हणाली, "पाचवं बंद केलं," आणि काकांचा खोकला अर्ध्यात थांबला. ते हळूहळू मागे टेकले. टेबलावरचा गोळा होता तिथे थबकला.

काकूंनी त्यांचं तोंड पुसलं, उशी नीट केली, पाणी पाजलं. मन पक्कं झालं होतं. गल्लीच्या दाढ्या वाढल्या नाहीत तर न वाढोत. कळ्या उमलल्या नाहीत तर न उमलोत. उभ्या जगाने थांबायचं असेल तर थांबावं, पण हा माणूस मी जाऊ देणार नाही.

त्या वेळी त्यांना फक्त एका गोष्टीचा विसर पडला होता. ती गोष्ट पलीकडच्या खोलीत कुशीवर झोपली होती.

५

लेकीने आधी आईला काही सांगितलं नाही. बाबांचं एवढं चाललेलं, त्यात आपली कटकट कशाला, असा तिचा विचार. पण दिवसभर तिचा हात पोटावर असायचा. आधी ते पोर आत नुसता धुडगूस घालायचं. लेक जेवायला बसली की लाथा, झोपली की लाथा, आजोबांनी पोटाला तोंड लावून हॉर्न वाजवला की उत्तरादाखल दोन लाथा. आता सगळं चिडीचूप होतं.

काकू तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. ठोके व्यवस्थित होते. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मोजमाप घेतलं, मागच्या वेळचं बघितलं, परत घेतलं. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि पुन्हा घेतलं. बाळाचं वजन गुंजभरही वाढलं नव्हतं. आजकाल सगळ्याच बायकांचं असं काहीतरी चाललंय, असं त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, अजून दोन दिवस बघू, नाहीतर पोट उघडून काढावं लागेल. फुप्फुसं अजून तयार नाहीत, बाहेर आल्यावर श्वास घेईल की नाही ते छातीठोकपणे सांगता येणार नाही.

 न तयार झालेली फुप्फुसं बाहेर तयार कशी होणार, हे त्यांना डॉक्टरीणबाईंपेक्षा जास्त कळत होतं. बाहेर तरी कुठे काय वाढत होतं.

घरी आल्यावर लेक चपला न काढताच खुर्चीत बसली. 

"आई, हे बाळ थांबलंय," ती म्हणाली. "मेलेलं नाही. कोणीतरी थांब म्हटलं म्हणून थांबलंय. मला कळतं गं आतून."

काकूंनी तिला जवळ घेतलं आणि होईल सगळं नीट म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांची जीभ कधी अडखळत नसे, गिऱ्हाइकांना कालचा पाव आजचा म्हणून त्यांनी कैकदा विकला होता. आज मात्र ती अडखळली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते काय असतं, हे त्यांना लेकीच्या केसांवरून हात फिरवताना कळलं.

६

ती रात्र त्यांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. उजाडल्यावर त्या काकांना चहा द्यायला गेल्या, तर काका आरशात बघत होते.

माझी दाढी वाढेना, ते म्हणाले. आधी वाटलं तूच झोपेत करून जातेस. मग बघितलं, तर खिडकीतून दिसणारा झाडाचा कोंबही माझा खोकला थांबल्यापासून तेवढाच आहे. मी ड्रायव्हर माणूस, अगं. गाडी चालली आहे की नुसतं इंजिन घरघरतंय ते मला बुडाखालून कळतं. काय केलंयस ते सांग.

काकूंनी सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं, कणकेचं सांगितलं, त्या दुपारी आपण होऊन बंद केलं तेही सांगितलं. सांगताना वाटलं होतं की ते वेड्यात काढतील, आणि त्यांनी काढलं असतं तर काकूंना बरंच वाटलं असतं. काकांनी काढलं नाही. त्यांनी पोरीचं काय ते विचारलं. काकूंनी तेही सांगितलं.

काकांनी आरसा खाली ठेवला. मग म्हणाले, त्या दिवशीचा खोकला अजून इथे अर्धा अडकून आहे. त्यांनी छातीवर बोट ठेवलं. शिंक येता येता राहते ना, तसा, दिवसरात्र. तू मला वाचवलं नाहीस गं, अडकवून ठेवलंयस. तुला दोष देत नाही. तुझ्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं, आणि तुझ्याएवढा विचारही केला नसता.

"मला नाही जमायचं," काकू म्हणाल्या. "तोंडातून शब्दच फुटायचा नाही."

"तू म्हणूच नकोस. मी म्हणतो. नाहीतर उरलेला जन्म ते तुझ्या डोक्यात घुमत राहील."

त्यांनी पलंगावरून सूनबाईला हाक मारली. आवाजात दम नव्हता. नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा, असं ती गोड आवाजात म्हणाली. तीन वेळा तेच झालं. काका वैतागून म्हणाले, बघ, शेवटी सून ती सूनच, सासऱ्याची हाक तिला बरी ऐकू येत नाही. काकूंना रडता रडता हसू आलं.

७

दुपारच्या उन्हाची तिरीप मागच्या खोलीत टेबलापर्यंत आली होती. काकूंनी चाकांची खुर्ची पट्टीशेजारी आणून लावली. काकांना त्यांनी अंघोळ घातली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. लेक तिच्या खोलीत पडली होती. तिला एवढंच सांगितलं, की बाबांना जरा इकडे बसावंसं वाटतंय.

काकूंनी सवयीने कणीक मळायला घेतली. हातांना काहीतरी काम हवं होतं. काका त्यांच्या हातांकडे बघत होते. या पिठाच्या हातांचीच चहाडी मी पहिल्यांदा आईपाशी केली होती, ते म्हणाले, की पोरगी चांगली आहे पण हात धूत नाही. काकू म्हणाल्या, आणि सासूबाईंनी ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. 

"चल," काका म्हणाले. त्यांनी पाठ ताठ केली आणि गर्दीने भरलेल्या बसमध्ये मागच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हटलं, "पाचवं चालू कर."

"पाचवं चालू करते," सूनबाई म्हणाली. आणि मग, आजवर कधीच म्हणाली नव्हती ते म्हणाली. "बरेच दिवस झाले आहेत. थोडा वेळ लागेल."

दिवा मंद झाला. पंखा मंद झाला. रस्त्यावरचे आवाजही लांब गेले. काकूंचे हात कणकेत तसेच राहिले. घाबरायला हवं होतं, पण भीतीच्याही पलीकडचं काहीतरी खोलीत भरत होतं, आणि त्याच्यापुढे आपली भीती अगदी किरकोळ आहे असं काकूंना वाटलं. त्यांना गुडघे टेकावेसे वाटले.

मग ते आलं. लेकीच्या पोटावर बाळाची टाच आतून फिरायची, कातडीवर एक उंचवटा उठून या कुशीकडून त्या कुशीकडे जायचा, ते काकूंनी पाहिलं होतं. तसाच उंचवटा आता कोपऱ्यातल्या फरशीवर उठला. फरशी फुटली नाही, नुसती वर आली आणि खाली बसली. तो पिठाच्या पोत्यांखालून आला, भिंतीवर चढला, टेबलातून आणि कणकेतून गेला. काकूंच्या हातांना त्याचा स्पर्श झाला, ऊबदार, सावकाश आणि केवढा तरी मोठा. त्याचं एक टोक इथे होतं आणि दुसऱ्याला टोकच नव्हतं. खिडकीबाहेर समोरचं घर वर उचललं जाऊन खाली बसलं, मग त्याच्या मागचं, मग त्याच्या मागचं, आणि त्याच्यामागे आभाळसुद्धा. जे काही होतं त्याने झोपेत कूस बदलली होती. त्याला ते सहज जमलं. आपण त्याच्या कातडीवर आहोत की कातडीच्या आत, ते काकूंना कळलं नाही.

पातेल्यातली कणीक फुगायला लागली.

"पाचवं चालू झालं," सूनबाई म्हणाली. काकूंनी सोडलेला श्वास पुरा बाहेर पडायच्या आतच ती पुढे बोलली, त्याच गोड आवाजात. "पाचवं विचारतंय, बंद कोणी केलं होतं?"

 काकूंनी तोंड उघडलं. खोटं बोलायची त्यांची हिंमत नव्हती, अशाशी कोण खोटं बोलणार. पण त्यांच्या पिठाने भरलेल्या मनगटावर काकांचा हात पडला आणि तो अशक्त हात त्यांनी एवढा आवळला, की काकूंचा शब्द तोंडातच राहिला.

"मी," काका म्हणाले. "सांग त्याला. मी केलं. हिला काही माहीत नाही."

"सांगितलं," सूनबाई म्हणाली.

गेलेला उंचवटा परत आला. या वेळी तो सगळीकडून आला, बारीक होत, अंग चोरत, एका जागेकडे. फरशीवरून येऊन तो चाकांच्या खुर्चीखाली थांबला. राग त्यात होता की काय होतं, ते काकू पुढे कोणालाच सांगू शकल्या नाहीत. काकांनी खाली बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा नवल आलं, आणि मग ते कोणीतरी ओळखीचं भेटावं तसे हसले. छातीत अडकलेला तो अर्धा खोकला त्यांनी एकदाचा खोकून टाकला. मनगटावरची बोटं एकेक करून सैल झाली.

दिवा पुन्हा लख्ख झाला. फरशी सपाट होती.

पलीकडच्या खोलीतून लेकीची हाक आली. ती हसत होती की रडत होती, ते आवाजावरून कळत नव्हतं.

"आई, बाळ फिरलं. अगं, लाथा मारतंय. बाबांना पण घेऊन ये, दोघंही या लवकर, हात लावून बघा."

काकू एकट्याच उठल्या.